पांढरीचा दम

तोबिसाकाच्या चढावर, लाल लाळेरं बांधून बसलेल्या दगडी जिझोच्या, वाटसरूंच्या त्या छोट्या देवाच्या, अगदी समोर, मिसाकींच्या पांढरीने मान टाकली. बंद पडली असती तर एक वेळ चाललं असतं. बंद पडलेल्या गाडीलाही काही अब्रू असते. माणूस खाली उतरून, कमरेवर हात ठेवून गंभीरपणे उभा राहू शकतो. पांढरी बंद पडली नाही. ती नुसती कण्हली, मग हळू झाली, मग आणखी हळू झाली, आणि शेवटी इतकी हळू, की पाठीवर टोपली घेऊन चालत येणाऱ्या ओतामे आजींनी तिला मागे टाकलं. जाता जाता आजींनी खिडकीत डोकावून विचारलं, "जावईबापू, वर काही निरोप द्यायचाय का? मी आधी पोचतेय म्हणून विचारलं."

मिसाकींनी मान लववून "नको, आभारी आहे," म्हटलं. ओसाकाच्या पाणीपुरवठा खात्यात आयुष्य घालवलेला माणूस चढावरही सभ्यपणा सोडत नाही.

इसोनो गावात दर घरामागे एक छोटी पांढरी पिकअप असते. संत्र्याच्या बागा डोंगराच्या अंगावर, घरं समुद्राच्या काठावर, आणि मधल्या वाटा एका गाडीपुरत्या, त्याही आखडत्या हाताने दिलेल्या. गाडीशिवाय इथे माणसाचं पान हलत नाही. मिसाकींची पिकअप सासऱ्यांच्या वेळची. सासरे गेले, बाग आली, गाडी आली, आणि निवृत्त होऊन मिसाकी बायकोच्या माहेरी राहायला आले. त्याला आता बरीच वर्षं झाली. केस होते तेवढे पांढरे झाले, उरलेले गेले. तरी गावाच्या लेखी ते जावईच. पोस्टमनसुद्धा फाटकातून "जावईबापू, पाकीट आहे," अशी हाळी देई. स्वतःचं नाव मिसाकी आता फक्त पाकिटावर वाचत.

आणि नेमक्या याच वर्षी देव वर न्यायची पाळी त्यांच्या घरावर आली होती.

इसोनोचा देव शरदातल्या उत्सवात किनाऱ्यावरून तोबिसाका चढून डोंगरावरच्या देवळात जातो. पूर्वी पालखी खांद्यावरून जायची. पुढच्या दांड्याला मिसाकींचे सासरे असत, आणि त्यांचा आवाज म्हणे समुद्रात होड्यांना ऐकू जाई. आता गावात दांडे आहेत, खांदे नाहीत. म्हणून पालखी पिकअपमधून जाते, वाडीवाडीच्या पाळीने, आणि नियम असा, की ज्या घराची पाळी त्या घरची गाडी आणि त्या घरचाच माणूस. बाबा गेल्यापासून आपलं घर देवाच्या पुढे उभं राहिलेलं नाही, हे त्यांची बायको फुमिए बोलून दाखवत नसे. पण पाळीचं कळलं त्या दिवशी तिने बाबांचा उत्सवातला निळा अंगरखा बाहेर काढला, उन्हात टाकला, आणि मिसाकींच्या मापाने त्याची शिवण सैल करायला बसली. एवढं पुरेसं होतं.

आता तो अंगरखा तयार होता आणि गाडी चढत नव्हती.

पहिला सल्ला अर्थातच ओतामे आजींचा. शेजारचं घर, ऐंशीच्या पुढचं वय, आणि स्वतःची पिकअप त्या अशी हाकतात की कोंबड्या तिचा आवाज ओळखून आधीच झाडावर बसतात. "कधीपासून असं करतेय?" त्यांनी डॉक्टरासारखं विचारलं.

"ओबोनच्या सुमारापासून," मिसाकी म्हणाले. "पितर येऊन गेले, आणि तिचा दम गेला."

"मग बाबा घेऊन गेले असतील. त्यांचीच होती ना गाडी." आजी हसल्या. "बघू, द्या किल्ली. सीटखालचा प्लग काळा झाला असेल. नवीन घातलाय का? घालते मी."

प्लग बदलला. आजी गाडीत बसायला निघाल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई, हा तुमचा दिवाणखाना. चिखलाचे बूट घेऊन कशी येऊ मी."

इथे थोडं थांबून त्या दिवाणखान्याबद्दल सांगायला हवं, कारण मिसाकींच्या मते तो गाडीचा सर्वांत उत्तम भाग होता. ओसाकाला असल्यापासून त्यांचा नियम होता, गाडीत पादत्राणं घालून बसायचं नाही. दार उघडायचं, बूट बाहेर काढायचे, हातात घेऊन मागे ठेवायचे आणि मोज्यांनी आत शिरायचं. शेणखत वाहणाऱ्या पिकअपला हा नियम लावणारा माणूस इसोनोने पूर्वी पाहिलेला नव्हता, आणि गाव त्यावर सहकुटुंब हसलं होतं. पण ओबोनच्या आधी बाबांच्या खोलीतल्या तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, नव्याने विणून घेतल्या, तेव्हा उरलेल्या तुकड्याची कारागिराने ड्रायव्हरच्या पायांखाली बरोब्बर बसेल अशी एक छोटी तातामी करून दिली. दोन बोटं जाड, हिरवीगार, कडेला गर्द निळी किनार. दार उघडलं की ओल्या कुरणाचा वास यायचा. मिसाकी त्यावर मोजे घातलेले पाय ठेवत आणि त्यांना वाटे, आपण गाडी चालवत नाही, आपण घरीच बसलो आहोत आणि बाहेरचा डोंगर हलतो आहे.

आजींनी ती तातामी दोन्ही हातांनी अदबीने उचलली, पर्सिमनच्या झाडाला टेकवून ठेवली, आणि बुटांसकट आत बसल्या. पांढरी अंगणातून सुटली ती जिझोच्या वळणावर दिसेनाशी झाली. थोड्याच वेळात उलट्या दिशेने धूळ उडवत परत आली.

"पळतेय की चांगली," आजी म्हणाल्या. त्यांनी तातामी झटकली, पुन्हा जागेवर बसवली, तिला हलकेच नमस्कार केला. "झालं काम."

दुपारी मिसाकी बूट काढून बसले, चढाला लागले, आणि जिझोसमोर पांढरी कण्हली. जिझोच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू होतं, पण मिसाकींना त्या दिवशी ते जरा जास्त वाटलं.

मग सेगावा गॅरेजवाले आले. सेगावा बोलत कमी आणि तोंडाने दातांतून हवा जास्त ओढत. त्या हवेच्या लांबीवरून गाव दुरुस्तीची लांबी ओळखे. त्यांनी लांबलचक हवा ओढली. कार्ब्युरेटर उतरवला, धुतला, फुंकला. हवेची जाळी बदलली, पेट्रोलची जाळी बदलली, सायलेन्सरमध्ये उंदराने घर केलंय का ते टॉर्च लावून पाहिलं. "तेलाचे हात आहेत," म्हणून त्यांनीही ती तातामी आधी बाहेर काढली आणि स्वच्छ कापडात गुंडाळून बाकावर ठेवली. मिसाकींना या गोष्टीचं फार बरं वाटलं. शेवटी चांगल्या वस्तूला लोक मान देतात.

सेगावांनी चढावर चक्कर मारली. परत येऊन तातामी घातली, तिची किनार पुसली आणि खाली बघत म्हणाले, "माझ्या हातात तर उडतेय, जावईबापू."

"आणि माझ्या हातात?"

सेगावांनी दातांतून हवा ओढली. या वेळी इतकी लांब, की उत्तराची गरज उरली नाही.

त्यानंतरचे दिवस मिसाकींच्या प्रतिष्ठेला फार वाईट गेले. सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं ब्रेक धरत असतील, कुणी म्हणालं पेट्रोलात पाणी असेल, मासळीबाजारातल्या एकाने गाडीला नजर लागल्याचं सांगून चिमूटभर मीठ टाकून दिलं, ते मिसाकींच्या मोज्यांत गेलं. मधेच गाडीची सरकारी तपासणी आली. दोन वर्षांनी एकदा येते, आणि टळत नाही. मिसाकी मनातल्या मनात खूश झाले. सरकारी तज्ज्ञ, सरकारी यंत्रं. दोष लपून राहणार नाही. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाचा सरकारवर जेवढा विश्वास असतो तेवढाच त्यांचा होता, पण दुसरा आधार नव्हता. तपासणीच्या रांगेत पांढऱ्या हातमोज्यांच्या अधिकाऱ्याने "ही आपली मौल्यवान चटई," असं म्हणून तातामी उचलली, मिसाकींच्या हातात दिली आणि गाडी यंत्रावर चढवली. मिसाकी काचेपलीकडे तातामी छातीशी धरून उभे राहिले, आजारी मुलाच्या वडिलांसारखे. काटे फिरले, दिवे लागले. गाडी उत्तीर्ण झाली. अधिकारी मोकळेपणाने म्हणाला, "वयाच्या मानाने फार दमदार आहे हो."

म्हणजे गाडीत दोष नाही, असं आता सरकारनेच शिक्का मारून सांगितलं होतं. उरलं कोण?

"तिला तुम्ही आवडत नाही," ओतामे आजी म्हणाल्या. "जनावरांचं असतं असं. आमचा घोडा होता संत्री वाहायला, तो माझ्या नवऱ्याला चढावर बसून दाखवायचा. मी लगाम धरला की उठायचा." आणि त्यांनी बायका बागेत म्हणतात ते गाणं गुणगुणलं:

*चढणीच्या वाटे दमला गं घोडा*
*देव म्हणे थोडा उतरतो*

मिसाकींना ते गाणं त्या आठवड्यात फार वेळा ऐकू आलं. कुंपणापलीकडून, किनाऱ्यावरून, एकदा तर दुकानात सोयाबीनचा पनीर घेताना मागच्या रांगेतून. त्यांनी पांढरीची मनधरणी सुरू केली. रोज सकाळी ते तिला धूत, आरसा पुसत, "शुभ सकाळ, आज आपल्याला त्रास देतोय," असं म्हणत. मग त्यांना वाटलं, आपलंच वजन जास्त आहे. त्यांनी भाताची दुसरी वाटी सोडली. फुमिएने ती वाटी मांडणीवर पालथी ठेवली. ती पालथी वाटी जेवताना त्यांच्याकडे पाहत राही, आणि पांढरी तेवढीच कण्हत राही.

उत्सव उंबऱ्यावर आला तेव्हा कुरोता आले. कुरोता उत्सव समितीचे अध्यक्ष. त्यांची पिकअप नवी कोरी, आपोआप गियर बदलणारी, आणि तिच्या दोन्ही अंगांना त्यांचं नाव. वाईट माणूस नव्हे. पण स्वतःच्या गाडीबद्दल बोलताना त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली येई. त्यांनीही बूट घातलेले असल्यामुळे तातामी उचलून ओट्यावर ठेवली, पांढरी घेऊन वर जाऊन आले, परत तातामी घातली आणि ओट्यावर बसले.

"गाडी ठीक आहे," ते म्हणाले.

फुमिएने चहा ठेवला.

"मी काय म्हणतो, जावईबापू," कुरोता पेल्यात पाहत म्हणाले, "गाडी तुमचीच राहू दे. चालवतो मी. पोलीस चौकीत चालकाचं नाव बदलायला अर्ज लागतो, तो मी पेन्सिलने भरून आणलाय. तुम्ही सहीचा शिक्का मारला की पेनने गिरवतो. तुम्ही बाजूला बसा, हात दाखवा लोकांना. देव चढावर थांबला तर गावाला बरं नाही दिसायचं."

मिसाकी शिक्का आणायला उठणार होते. खरं तर अर्धे उठलेही. कचेरीत वरच्या माणसाने कागद पुढे केला की हात आपोआप शिक्क्याकडे जातो, ती सवय मरेपर्यंत जात नाही.

"कुरोताकाका," फुमिए म्हणाली, "पाळी आमच्या घराची आहे ना? मग आमच्या घरचा माणूस चालवेल."

"अगं पण, घरचा माणूस म्हणजे..."

"हे माझ्या घरचे आहेत." तिने पेला भरला. "चहा घ्या. गार होतोय."

मिसाकी परत बसले. त्यांनी आपला पेला फुमिएपुढे धरला.

कुरोतांनी तडजोड काढली. मिसाकी चालवतील, पण कुरोतांची नवी गाडी मागे दोरखंड घेऊन असेल. अडलंच तर ओढून नेऊ.

उत्सवाचा दिवस असा उजाडला की समुद्र आणि आभाळ यांच्यातली शिवण दिसेना. बागांत संत्री अजून हिरवी होती, फक्त उन्हाकडच्या गालावर पिवळी. बाबांचा निळा अंगरखा घालून मिसाकी पांढरीत बसले. पांढरीच्या नाकाला पवित्र कागदाच्या झिरमिळ्या बांधल्या होत्या. मागे पालखी चढवली, सोनेरी पक्षी माथ्यावर, घंटा चारी कोपऱ्यांना. खाली घालायला समितीने नवीन निळं प्लास्टिक आणलं होतं, कुरोतांच्या निवडीचं, चकचकीत. ढोल वाजला. पुजारी पुढे, गाव बाजूने आणि मागे, सगळ्यांच्या मागे कुरोता आणि दोरखंड.

चढ लागला. मिसाकींनी पाय दाबला, होता तेवढा सगळा. पांढरी निघाली, बागेचा पहिला बांध गेला, दुसरा गेला, आणि जिझोचं वळण दिसताच ती कण्हायला लागली. ढोलवाल्याने तिच्या तालात वाजवायला सुरुवात केली, बहुधा सहानुभूतीने. मग ढोलही थांबला. पांढरी उभी होती. कुणीतरी चाकामागे दगड लावला.

"दोरखंड आणा," आवाज उठला.

आणि तेव्हा समितीच्या लक्षात आलं की तोबिसाका एका गाडीपुरताच आहे. कुरोता मागे होते. ओढायचं तर पुढून ओढावं लागतं, आणि पुढे जायला वाट नव्हती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओतामे आजींची बाग, आणि बागेच्या कडेला खुद्द आजी. "माझ्या झाडांवरून जायचं असेल तर आधी माझ्यावरून जा," असं त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं. कुरोता दोरखंड हातात धरून उभे राहिले. या गोष्टीवर समितीत किती तरी बैठका झाल्या होत्या.

तेवढ्यात घंटा वाजल्या. वारा नव्हता. चकचकीत प्लास्टिकवरून पालखी मागे सरकत होती.

"देव घसरतोय," पुजारी म्हणाले, अगदी हळू, जणू देवाला कळू नये म्हणून.

चौघांनी पालखी मागून धरली. खाली काहीतरी खरखरीत घालायला हवं होतं. कुणी सदरा काढला, कुणी चवाळं शोधू लागलं. फुमिए ड्रायव्हरच्या दाराशी आली.

"अहो, पाय वर घ्या."

मिसाकींनी आज्ञाधारकपणे पाय वर घेतले. तिने तातामी ओढून काढली.

पुजाऱ्यांनी हात आडवा केला. "पायांखालची वस्तू देवाखाली? हे नाही चालणार, फुमिए."

"यावर कधी कुणी बूट ठेवलाय का, विचारा गावाला."

पुजाऱ्यांनी गावाकडे पाहिलं. गाव आठवू लागलं. ओतामे आजींनी ती झाडाला टेकवली होती. सेगावांनी कापडात गुंडाळली होती. कुरोतांनी ओट्यावर ठेवली होती. सरकारने हातात दिली होती. ज्या नियमाला गाव इतकं हसलं होतं तो नियम गावानेच, न चुकता, पाळला होता.

"एकदाही नाही," सेगावा म्हणाले. हवा न ओढता.

"बाबांच्या खोलीतलं गवत आहे ते," फुमिए म्हणाली.

पुजाऱ्यांनी मान लववली. तातामी पालखीच्या मागच्या पायांखाली सरकवली. घंटा थांबल्या. देव बसला.

"आता पुन्हा एकदा बघा," कुरोता म्हणाले. "नाहीच जमलं तर सगळे मिळून ढकलू."

मिसाकींनी मोज्यातला पाय खाली ठेवला. पायाखाली गार, उघडा पत्रा होता. त्यांनी क्लच सोडला, ॲक्सिलरेटरचं पायडल दाबलं, आणि ते पायडल नेहमीच्या जागी थांबलं नाही. ते आणखी खाली गेलं. त्यानंतरही खाली गेलं. ओबोनपासून ज्या गावी त्यांचा पाय गेला नव्हता तिथे तो पोचला, आणि त्या एका क्षणात मिसाकींना सगळं, तातामीच्या दोन बोटांसकट सगळं, लख्ख कळलं. पण विचार करायला सवड नव्हती. पांढरी ओरडली, दगड मागे टाकून उसळली आणि चढ अंगावर घेत सुटली.

ढोलवाला बाजूला झाला. पुजाऱ्यांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि धावायला लागले. जिझो मागे गेला, आजींची बाग मागे गेली, घंटा वेड्यासारख्या वाजत होत्या, आणि मिसाकींच्या तोंडून एक आवाज निघाला जो त्यांनी पाणीपुरवठा खात्यात कधी काढला नव्हता. खाली समुद्रात एका होडीवाल्याने हात वर केला. होड्यांना ऐकू जात असे ते खरं होतं तर.

इसोनोच्या इतिहासात पहिल्यांदाच देव पुजाऱ्यांच्या आधी देवळात पोचला. मिसाकी गाडीतून उतरले, बूट घातले, आणि रिकाम्या अंगणात देवासमोर एकटेच उभे राहून गावाची वाट पाहू लागले.

गाव धापा टाकत आलं. सगळ्यात शेवटी ओतामे आजी, सेगावांच्या हाताला धरून. त्यांनी पांढरीच्या नाकावर थाप मारली आणि दम खात गायल्या:

*चढणीच्या वाटे उधळला घोडा*
*देव म्हणे थोडा हळू घे रे*

साके या तांदळाच्या दारूचे पेले फिरू लागले तसं श्रेयही फिरू लागलं. आजी म्हणाल्या, माझा प्लग. सेगावा म्हणाले, धुतलेल्या कार्ब्युरेटरला बसायला वेळ लागतो. पुजारी आभाळाकडे पाहून गप्प राहिले, म्हणजे तेही मागत होतेच. कुरोतांनी तातामी दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली. "हिच्यावर देव बसला आणि गाडीत दम आला. जावईबापूंची हरकत नसेल तर एक छोटा तुकडा द्यावा. मी नव्या गाडीत पायांखाली घालीन."

मिसाकींनी फुमिएकडे पाहिलं. फुमिएने त्यांच्याकडे. तिलाही कळलं होतं. तातामी ओढून काढताना तिच्या गवतात रुतलेली पायडलची खूण तिने पाहिली होती.

"देईन," मिसाकी म्हणाले. "पण पायांखाली घालू नका."

"देवाची म्हणून?"

"देवाची म्हणूनही." मग त्यांनी पेला खाली ठेवला, बसल्या जागी एक हात तातामी केला, दुसऱ्या हाताचं पायडल केलं, आणि दाखवलं.

सेगावांनी कपाळ जमिनीला टेकवलं. आणि मग आजी हसायला लागल्या, तोंडावर पदर घेतल्यासारखी बाही घेऊन, आणि गाव हसलं, त्या पूर्वीच्या सहकुटुंब हसण्यापेक्षाही मोठं. फक्त या वेळी मिसाकी त्या हसण्याच्या आत होते. "आम्हीच ना ती काढून ठेवायचो," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "अदब दाखवायला गेलो आणि माणसाला उपाशी मारला."

"आजपासून दुसरी वाटी घेतो," मिसाकी फुमिएला म्हणाले.

"कालच सुलटी करून ठेवलीय," ती म्हणाली.

उत्सवानंतर एका सकाळी मिसाकी न्याहारीला बसले होते तेव्हा फाटकातून हाक आली.

"मिसाकीसान आहेत का घरात?"

मिसाकींनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग बाहेर आले. फाटकात ओतामे आजींची पिकअप होती, आणि आजी स्टीअरिंगवर हात टाकून वैतागून बसल्या होत्या. "हिचा दम गेलाय बघा. सेगावा हवा ओढत बसेल. म्हटलं तुम्हालाच दाखवावं."

मिसाकी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून आले. टायरला टाच लावली. इंजिन चालू करायला लावून मान तिरकी करून ऐकलं. "कधीपासून असं करतेय?" त्यांनी विचारलं. मग आजींना उतरायची विनंती केली, बूट काढले, वाकले, आणि पायडलखालून एक चेपलेलं हिरवं संत्रं काढून आजींच्या हातात ठेवलं.